दोष चेहऱ्याला देण्याआधी श्रेयनामावली वाचा

मा. संपादक,

31 मे 2025च्या भागाअखेर ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतून डॉक्टरची मुख्य भूमिका करणारा शूटी गाटवा गेला, त्याच्या जागी बिली पायपरचा चेहरा दिसला आणि विज्ञानमालिका पाहणाऱ्यांत नेहमीचा वाद पेटला: कोणत्या डॉक्टरने मालिका तारली, कोणी बुडवली. वाद जुना आहे, आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर घसरतो.

आपल्याकडच्या मालिकांत नट बदलला की पडद्याखालून पट्टी सरकते, ‘आजपासून ही भूमिका अमुक साकारतील’, आणि सूनबाई नव्या चेहऱ्याने तोच चहाचा ट्रे आणते. 1966 साली पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल याची तब्येत साथ देईना, तेव्हा बीबीसीने चेहरा बदलणं कथेतच बसवलं. डॉक्टर परग्रहावरचा, त्यामुळे त्याचं शरीरच पालटतं! 29 ऑक्टोबरला पॅट्रिक ट्रॉटन आला. या युक्तीचं कौतुक सगळेच करतात, पण खरी अक्कल पुढच्या सहा भागांत दिसते. ट्रॉटनला पहिल्याच कथेत जुने शत्रू, म्हणजे डालेक दिले. बेन आणि पॉली हे सोबती तेच ठेवले. पॉली नव्या माणसाला डॉक्टर मानते, बेन मात्र प्रेक्षकाच्या वतीने शंका घेत राहतो. डालेकच त्याला ओळखतो तेव्हा कुठे बेनची खात्री पटते. कथा लिहायला बोलावले डेव्हिड व्हिटेकर, मालिकेचे पहिले कथासंपादक. नवा होता तो फक्त नट.

1974च्या अखेरीस हेच पुन्हा झालं. नवा डॉक्टर टॉम बेकर याची पहिली कथा जुने निर्माते बॅरी लेट्स यांनीच काढली, लिहिली टेरन्स डिक्स या त्यांच्या कथासंपादकाने. फिलिप हिंचक्लिफने सूत्रं घेतली ती दुसऱ्या कथेपासून. आधी नट बदलला, तो रुळू लागल्यावर निर्माता. बेकर पुढे 1981पर्यंत टिकला, म्हणून फरक नक्की कशाने पडतो हे त्याच्याच काळात स्वच्छ दिसतं. हिंचक्लिफच्या हाताखाली मालिका भयकथेकडे झुकली. हिंसेबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा 1977मध्ये ग्रॅहम विल्यम्स आले आणि विनोद वाढला. त्यांच्या शेवटच्या वर्षी तर कथासंपादक म्हणून विनोदी लेखक डग्लस अ‍ॅडम्स होता. 1980मध्ये जॉन नेथन-टर्नरने तो विनोद छाटला. नट तोच, मफलर लांबलचकच, मालिका तीन.

सानंद संस्थेच्या नाट्यप्रयोगांना जाणाऱ्या इंदूरकराला हे वेगळं सांगायला नको. मुख्य भूमिकेत दुसरा नट उभा राहिला तरी संहिता आणि बांधणी तीच असते, म्हणून नाटक उभं राहतं.

आता 2018 पाहा. जोडी व्हिटेकर ही पहिली स्त्री डॉक्टर, आणि सगळा राग तिच्यावर निघाला. पण त्या वर्षी बदललं काय काय? रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मॉफट यांच्यानंतर सूत्रं ख्रिस चिबनलकडे आली. 2005पासूनचे संगीतकार मरे गोल्ड गेले. सोबती नवे, वार शनिवारचा रविवार, भाग 12 ऐवजी 10, आणि त्या दहांत एकही जुना शत्रू नाही. चिबनल सोडला तर लेखकही सगळे या मालिकेत नवखे (त्यातल्या विनय पटेलने फाळणीवर लिहिलेला भाग मात्र उत्तम). पहिला भाग ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोकांनी पाहिला, शेवटचा 70 लाखांहून कमी. नव्या चेहऱ्याला लोक बिचकले असते, तर पहिल्याच भागाला कसे आले?

2010मध्येही नट आणि शोरनर (मालिकेचा मुख्य सूत्रधार) दोन्ही एकदम बदलले, तरी गाडी रुळावरून घसरली नाही, हे मान्य. पण मॉफट बाहेरचा नव्हता. आधीच्या चारही हंगामांत त्याची एकेक कथा होती, आणि त्याने 2008मध्ये आणलेली रिव्हर साँग ही व्यक्तिरेखा नवा डॉक्टर मॅट स्मिथ याच्या पहिल्याच वर्षी परत आली. तिसऱ्या भागात डालेकही होते.

‘बॅबिलन 5’ ही अमेरिकन विज्ञानमालिकाही याच पठडीतली. पहिल्या वर्षानंतर मुख्य नट मायकल ओहेअर गेला, ब्रूस बॉक्सलाइटनर आला, पण 110पैकी 92 भाग तिचा निर्माता जे. मायकल स्ट्रझिन्स्कीने एकट्याने लिहिले. ओहेअरच्या पात्राचं अर्धवट राहिलेलं सूत्र त्याने तिसऱ्या वर्षी त्यालाच परत बोलावून पूर्ण केलं.

गाटवाची अडचण वेगळी होती. डेव्हिस परत आला होता, हात सराईत होता. पण वर्षाला भाग आठच. हार्टनेलच्या काळात वर्षाला चाळीसच्या आसपास व्हायचे. इतक्या थोड्या भागांत कोणता नट अंगात मुरणार?

आणि पायपरबाईंबद्दल एवढंच, की 2005मध्ये त्या डॉक्टरच्या सोबतीण रोझ होत्या. 31 मेच्या त्या भागाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं, पण त्यापुढे ‘डॉक्टर’ हा शब्द नव्हता.

आपला,
एक जुना प्रेक्षक,
स्नेहलतागंज, इंदूर