मशीन गावात आणा, कागद शहरात नेऊ नका

मा. संपादक साहेब,
स. न.

मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं काम पाहतो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, अन् त्याच आठवड्यात मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यातून उधई, म्हणजे वाळवी, वर चढलेली. त्या दिवसापासून डोक्यात एकच विषय आहे, गावातले जुने कागद गावातच स्कॅन करून जपायचे कसे, म्हणून हे पत्र.

कपाटात काय आहे ते आधी सांगतो. गावातल्या तेव्हाच्या पोरांनी 1940 च्या दशकात हातानं लिहून काढलेल्या मासिकाचे अंक, चित्रांसकट. घराघरातून जमा झालेली मोडीतली हिशेबाची बाडं, त्यात कापसाचा भाव, सालदाराची उचल, विहीर खोदायचा खर्च सगळं आहे. वऱ्हाडात छापलेल्या जुन्या साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे. यातली मोडी बाडं सगळ्यात जुनी असून अजून धड आहेत कारण तो हातकागद आहे, पण साप्ताहिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, तो पिवळा पडतो मग तपकिरी होतो अन् शेवटी बोट लावलं की पापडासारखा तुटतो. वरून आमच्याकडं टिनाचं छत अन् मे महिन्यात 45 डिग्री.

योजना नाहीत असं मी म्हणत नाही. 2003 पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशन होतं, आता 2025 च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम् मिशन जाहीर झालं, एक कोटीच्या वर हस्तलिखितं त्यात घ्यायची आहेत. खूप चांगली गोष्ट आहे. पण पांडुलिपी मिशनची हस्तलिखिताची व्याख्या बघा, हातानं लिहिलेलं, किमान 75 वर्षं जुनं अन् वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेलं. छापलेलं त्यात बसत नाही, महसुली कागद बसत नाहीत. म्हणजे आमची साप्ताहिकं बाहेर, हिशेबाच्या बाडांचाही प्रश्नच. म्युझियमसाठी केंद्राची वेगळी अनुदान योजना आहे, तिच्यात वस्तूंच्या डिजिटायझेशनला पैसे आहेत, पण त्याला म्युझियम म्हणून उभी असलेली संस्था लागते, आमचं तर एक कपाट आहे. राहिलं राज्याचं ग्रंथालय अनुदान, ते 2022 मध्ये 60 टक्क्यांनी वाढवलं हे खरं आहे अन् त्याबद्दल आभारच, पण ते ग्रंथपालाचा पगार, नवीन पुस्तकं, पेपर अन् लाईट बिल यातच संपते, स्कॅनिंगसाठी त्यात वेगळा रुपया नाही.

अन् पैसे आले तरी काम कसं होतं हे आम्ही भोगलं आहे. काही वर्षांआधी एका संस्थेचं पत्र घेऊन माणूस आला, डिजिटल करून देतो म्हणाला, आम्ही विश्वासानं मासिकाचे दोन अंक दिले, तो गाडीवर घेऊन गेला. आठ महिन्यांनी परत आले ते सुटी पानं होऊन, सपाट स्कॅनरवर नीट बसावीत म्हणून शिवण ब्लेडनं कापलेली. सोबत एक सीडी, तिच्यात फाईलींना नुसते नंबर, कोणता अंक कोणतं पान काही कळत नाही. वाचनालयातले एक आजोबा, ज्यांच्या वडिलांचं अक्षर त्या अंकात आहे, ते पानं हातात घेऊन एवढंच म्हणाले, "मशीनच इकडं आनाची होती ना बापा."

माझं म्हणणं तेच आहे. प्रत्येक गावानं ऑनलाईन फॉर्म भरावा, प्रोजेक्ट रिपोर्ट करावा, आपला हिस्सा घालावा असं धरून चाललं तर गावं कधीच पुढं येणार नाहीत. त्याऐवजी अनुदान जिल्ह्याला द्या. पुस्तक अर्धवट उघडं ठेवून वरून फोटो घेणारा स्कॅनर, एक गाडी अन् दोन शिकलेली माणसं, ती गावोगाव फिरतील, कागद गावाच्या बाहेर जाणार नाही. ए-4 आकाराचं रंगीत पान 400 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 400 ठिपके) दाबून लहान न करता ठेवलं तर साधारण 46 एमबी होतं, आमच्याकडं सगळं मिळून 20 हजार पानं धरली तरी 900 जीबीच्या थोडं वर, म्हणजे 2 टीबीच्या एका हार्डडिस्कमध्ये मावतं. तिच्या तीन कॉप्या करा, एक गावात, एक जिल्ह्याला, एक तिसरीकडं. साठवणुकीला एवढा पैसा लागतच नाही. पैसा लागतो तो माणसाला, मोडी वाचून हे काय आहे, कोणत्या साली, कोणत्या गावचं हे लिहिणाऱ्याला. तेवढी नोंद नसली तर ते आमच्या सीडीसारखंच होईल. म्हणून अनुदानात नोंदीच्या कामाचा पगार आधी धरा, मशीन नंतर.

आमच्याच तालुक्यात रिद्धपूर आहे, लीळाचरित्र तिथं लिहिलं गेलं. मूळ पोथी धामधुमीत हरवली अन् महानुभाव पंथातल्या लोकांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहून काढली असं सांगतात. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे, अमरावती जिल्ह्यात असं फिरतं पथक चालवायला याच्यापेक्षा चांगली जागा कोणती? तिथल्या पोरापोरींना मोडी शिकवा अन् गाडीत बसवा.

आमच्या बाजूनं खोली तयार आहे. लाईट दुपारी जाते, सकाळी राहते, त्यामुळं सकाळी काम होईल. मासिक लिहिणाऱ्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी आम्ही घेऊन ठेवतो, बहुतेक घरं गावातच आहेत. उधई लागलेला कप्पा रिकामा करून कागद वरच्या फळीवर नेले आहेत, पण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, म्हणून जे काही होईल ते मिरगाच्या आधी व्हावं.

आपला,
एका वाचनालयाचा सचिव,
ता. मोर्शी, जि. अमरावती