बोगद्याला पैसे आहेत, बोगदा चालवायला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ४ फेब्रुवारी २०२५ ला सादर झालं आणि दुसऱ्या दिवशी जिथे तिथे एकच आकडा झळकला : ७४,४२७ कोटी रुपये. आदल्या वर्षीच्या सुधारित अंदाजापेक्षा चौदा टक्क्यांनी जास्त, करवाढ नाही, आणि कित्येक छोट्या राज्यांपेक्षा मोठी तिजोरी हे नेहमीचं पालुपद. भांडवली खर्च ५८ टक्के आणि महसुली खर्च ४२ टक्के, ही माहिती मात्र बातम्यांच्या पोटात कुठेतरी होती. माझ्या मते खरी बातमी तीच आहे.

भांडवली खर्च म्हणजे नवं बांधायचं, त्यासाठी ४३ हजार कोटींहून अधिक. महसुली खर्च म्हणजे बांधलेलं चालवायचं, त्यासाठी साधारण ३१ हजार कोटी. कचऱ्याच्या गाड्या, रुग्णालयातल्या नर्स आणि औषधं, पंपांचं वीजबिल, नालेसफाई, खड्डे बुजवणं, बागेतला माळी, पगार आणि निवृत्तिवेतन हे सगळं या दुसऱ्या रकमेतून भागवायचं असतं. मुंबईकराचा महापालिकेशी सकाळपासून रात्रीपर्यंत जो संबंध येतो, तो बहुतेक याच पैशांशी. पण नाला साफ झाला म्हणून फीत कापायला कोणी येत नाही.

भांडवली खर्चाचा वाटा वाढणं वाईट नाही, हे मलाही मान्य आहे. सगळा पैसा पगारातच संपायचा आणि रस्त्याला काही उरायचं नाही, अशी रड अनेक नगरपालिका आजही घालतात. त्यांच्या तुलनेत ५८ टक्के हे सुदृढपणाचंच लक्षण म्हणायचं. माझा आक्षेप नव्या कामांना नाही. नवं काम पूर्ण झालं की त्या दिवसापासून त्याचा महसुली खर्च सुरू होतो आणि तो किती असेल हे अंदाजपत्रकाच्या भाषणात कोणी सांगत नाही, याला आहे.

मी मुलुंडचा रहिवासी, म्हणून दारातलंच उदाहरण देतो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास लांबीचा आहे आणि त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून प्रत्येकी ४.७ किलोमीटरचे दोन बोगदे आहेत. हा रस्ता आम्हाला हवाच आहे, पवईमार्गे पश्चिम उपनगरात जाणाऱ्या कोणालाही विचारा. पण डोंगराखालचा बोगदा हा साध्या रस्त्यासारखा नसतो. त्यात चोवीस तास दिवे लागतात, हवा खेळती ठेवणारे पंखे लागतात, झिरपणारं पाणी उपसावं लागतं, आगीची यंत्रणा सज्ज ठेवावी लागते, नियंत्रण कक्षात तीन पाळ्यांत माणसं बसवावी लागतात. सागरी किनारा मार्गाचा बोगदा मार्च २०२४ मध्ये खुला झाला आणि मे महिन्यातच त्याच्या सांध्यांतून पाणी झिरपल्याच्या बातम्या आल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः पाहणीला गेले होते. तो जेमतेम दोन किलोमीटरचा बोगदा. मग आमचे दोन बोगदे वर्षाला किती खाणार, आणि ते कोणत्या खात्याच्या नावावर पडणार?

हाच प्रश्न मलजल प्रक्रिया केंद्रांचा. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, वर्सोवा आणि भांडुप अशी सात केंद्रं उभी राहत आहेत, एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. समुद्रात घाण सोडणं बंद होणार असेल तर हा खर्च कितीही झाला तरी योग्यच. पण मलजल प्रक्रिया म्हणजे वीज, रसायनं, गाळाची विल्हेवाट आणि कुशल कामगार. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे, तो तर विजेवरच चालणार. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर शहाणे होऊन आपण हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, इर्ला अशी पर्जन्यजल उदंचन केंद्रं, म्हणजे पावसाचं पाणी पंपांनी उपसणारी केंद्रं, बांधली. त्यांचा उपयोग पंप चालू असेपर्यंतच. आणि इतकं बांधूनही दर पावसाळ्यात सखल भागांसाठी शेकड्याने पंप भाड्याने आणावे लागतात. ते भाडंही महसुली खर्चच.

आमच्या सोसायटीची खजिनदारकी मी काही वर्षं सांभाळली आहे. सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीत, बऱ्यापैकी रक्कम जमली की वार्षिक सभेत कोणीतरी उठून जिम नाहीतर क्लब हाउसची टूम काढतो, टाळ्याही पडतात. लिफ्टच्या देखभाल कराराचे पैसे कुठून द्यायचे हे विचारणारा खजिनदार सगळ्यांचा नावडता होतो. या अंदाजपत्रकाच्या वेळी महापालिकेकडे ८१ हजार कोटींहून अधिक ठेवी होत्या म्हणे. त्यांतला बराचसा भाग भविष्यनिर्वाह निधी, कंत्राटदारांची अनामत आणि आधीच ठरलेल्या प्रकल्पांसाठी बांधलेला आहे. उरलेल्या ठेवी मोडून पूल बांधता येईल. त्या पुलाचे दिवे पुढची तीस वर्षं ठेवी मोडून लावता येणार नाहीत.

मग रोजचा पैसा येतो कुठून? जकात हे महापालिकेचं हक्काचं उत्पन्न होतं. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि त्या जागी राज्य सरकारकडून भरपाई सुरू झाली. २०२५-२६ साठी ही भरपाई १४,३९८ कोटी रुपये धरली आहे. मालमत्ता कराचा अंदाज तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. माझं घर त्यात बसतं, त्यामुळे त्यावर मी जोरात बोलू शकत नाही. बांधकाम परवानग्यांतून मिळणारं शुल्क आणि अधिमूल्य (प्रीमियम) हा दुसरा मोठा आधार, पण तो घरबांधणीच्या तेजी-मंदीवर हलतो. थोडक्यात, एक मोठी रक्कम मंत्रालयाच्या हातात, दुसरी बिल्डरांच्या बाजारावर अवलंबून, आणि खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला. अशा घरात नवी हप्त्याची वस्तू आणताना चारदा विचार करतात.

बेस्टचं बघा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेव्हा स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्या राखण्याचं कामगार संघटनांशी ठरलं होतं. आज त्यांचा तिसरा हिस्साही उरलेला नाही, बाकी सगळा कारभार भाड्याच्या बसगाड्यांवर. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला जो भीषण अपघात झाला, तीही भाडेतत्त्वावरचीच विजेवर चालणारी बस होती. २०२५-२६ साठी बेस्टला एक हजार कोटींचं अनुदान जाहीर झालं आणि ते उपकार केल्यासारखं मांडलं गेलं. बोगद्याला दिले की गुंतवणूक आणि बसला दिले की मदत, हा हिशेब मला कधीच कळला नाही. रोज पंचवीस-तीस लाख माणसं ज्या सेवेवर कामाला जातात, ती चालवणं हे शहर चालवणंच आहे.

आणखी एक जुनी गोष्ट आठवते. २०१६-१७ चं अंदाजपत्रक ३७,०५२ कोटींचं होतं. पुढच्याच वर्षी तत्कालीन आयुक्त अजोय मेहता यांनी ते २५,१४१ कोटींवर आणलं. शहराचं काही अडलं नाही, कारण फुगवलेल्या तरतुदी तेवढ्या कापल्या होत्या. तिथून आठ वर्षांत आपण जवळजवळ तिपटीवर पोहोचलो आहोत. यातला किती स्नायू आणि किती सूज, हे तपासायचं काम पूर्वी नगरसेवकांच्या स्थायी समितीत व्हायचं. ती समिती काही साधुसंतांची नव्हती, हे मुंबईकरांना सांगायला नको. पण विरोधी पक्षनेता उठून तीन तास भाषण करायचा, आमच्या प्रभागाला काय म्हणून विचारायचा, आणि त्यातून दोन-चार आकडे बाहेर पडायचे. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून २०२५-२६ पर्यंतची अंदाजपत्रकं राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकांपुढे मांडली गेली आणि प्रशासकांनीच ती मंजूर केली. २०२४-२५ चा ५९,९५४ कोटींचा अंदाज वर्ष सरता सरता ६५,१८० कोटींवर गेला. नगरसेवकांच्या २२७ जागा रिकाम्या असताना याचा जाब कोण विचारणार होतं?

 पण महापालिकेला एक साधी गोष्ट करता येईल. शंभर कोटींवरच्या प्रत्येक कामापुढे आणखी एक रकाना घालावा : हे काम पूर्ण झाल्यावर दर वर्षी चालवायला किती लागणार, कोणतं खातं चालवणार, आणि त्या खात्याच्या तरतुदीत तेवढी वाढ धरली आहे का. अभियंत्यांकडे हे आकडे असतातच, कारण त्याशिवाय प्रकल्प अहवाल तयार होत नाही. ज्या कामापुढचा रकाना रिकामा राहील, त्याची निविदा थांबवावी. आमच्या जोडरस्त्यापुढचा राहिला, तर त्याचीही.

आणि एक विनंती तुम्हाला. प्रत्येक विभाग कार्यालयात परिरक्षण खातं असतं. रस्ते, पदपथ, गटारं यांची तक्रार घेऊन आपण तिथेच जातो. या खात्याला गेल्या पाच वर्षांत किती दिले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, हे नागरिकाला एका पानावर कुठे मिळत नाही. तुमच्या वार्ताहराने ते मिळवून विभागवार छापावं. सुरुवात आमच्या टी विभागापासून केलीत तर बरं होईल, कारण पावसाळ्याआधी ते कात्रण घेऊन मला तिथल्या अभियंत्याला भेटायचं आहे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)