इंदूरहून पत्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या, इलेक्ट्रॉन फिरवून किरण निर्माण करणाऱ्या यंत्रावरची पाळीची नोकरी मी स्वीकारली आहे; होकार कळवूनही झाला. फोनवर बाबा नुसते "बरं" म्हणाले. मालूआत्याच्या आजारपणापासून आपल्या घरात 'किरण' हा शब्द कसा ऐकला जातो ते मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात ते जाड काँक्रीटच्या भिंतींआड, आणि त्या वेळी आत कोणीही नसते. दार उघडले तर बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, आपोआप बंद होतो. शिवाय प्रत्येकाच्या छातीवर किरण मोजणारा टीएलडी बिल्ला असतो. त्यातल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की त्या प्रमाणात उजेड देतात. बाबा, तुमच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीसारखाच हा तिमाहीचा हिशेब आहे. बिल्ला किरण अडवत नाही, फक्त मोजतो, आणि तेही उशिरा. म्हणून जागोजागी तत्काळ इशारा देणारे मापक वेगळे बसवलेले असतात. शरीराला मिळणारे किरण मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात; पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायची नाही आणि कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडायचे नाहीत, असा नियम आहे. माती, हवा, आकाश यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच, अगदी घरी बसूनही.

आई, तू न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देते. दिवस राहिल्याचे कळवले की पुढच्या सगळ्या महिन्यांत मिळून बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोहोचू द्यायचे नाही, असे बंधन आहे, आणि त्याप्रमाणे काम बदलून मिळते. तेव्हा सध्या स्थळांच्या मंडळींना काही सांगायची गरज नाही.

राहायला वसाहतीत खोली आहे, जेवण बरे आहे, सकाळी पोहे मिळतात (वर शेव घालतात, तेवढे चालवून घेते). लहानपणी मला ताप आला की थर्मामीटर पाहूनही तू पुन्हा कपाळाला हात लावायचीस. आकड्यांनी तुझे समाधान होणार नाही हे मला कळते, तरी तिमाहीचा अहवाल आला की त्याचा फोटो पाठवीन.

बाबांनी मात्र साखर तपासणे टाळू नये. गेल्या खेपेचा कागद अजून मला दिसलेला नाही. या आठवड्यात रक्त देऊन या आणि अहवाल मला पाठवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

तुमची,
सुमी