लिव्हरपूलहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, चार पोरांच्या गाण्यांवर अख्खे शहर अजून कसे चालते, असे आपण विचारले होते. बीटल्स ही चौकडी ज्या तळघरात १९६१ ते १९६३ या काळात वाजवत, तो कॅव्हर्न क्लब १९७३ साली बंद झाला आणि पुढे पाडण्यात आला. पण १९८४ मध्ये जुन्याच विटांपैकी बऱ्याचशा वापरून तो पुन्हा उभा केला गेला. विमानतळाला जॉन लेनन यांचे नाव आहे. लेनन आणि मॅकार्टनी जेथे वाढले ती साधीसुधी घरे नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था तिकीट लावून दाखवते. पेनी लेन या रस्त्याच्या पाट्या तर चाहते इतक्यांदा चोरून नेत, की अखेर नाव थेट भिंतीवर रंगवावे लागले. अशा चोरांचे मला कौतुकच वाटते.

पुण्यात गाणी जपण्याची तऱ्हा मात्र निराळी. प्रभातच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि प्रभात रस्ता रोज सर्वांच्या तोंडी असतो, हे खरे. पण गीतरामायण टिकले ते कोणत्याही वास्तूच्या आधाराविना. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडके यांच्या. वर्षभराची ५२ गीते ठरली होती, परंतु त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. आठवड्याला नवे गीत एकच, आणि ते पुन्हा हवे तेव्हा लावण्याची सोय घरोघरी नव्हती. त्यामुळे ऐकणाऱ्याला ते कानांनी टिपून, गुणगुणत, पुढच्या गीतापर्यंत सांभाळावे लागे. माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे मर्म गोड चालींइतकेच या सक्तीच्या प्रतीक्षेत आहे. गंमत अशी, की त्याच सुमारास तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारसा थारा नव्हता आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते. तरीही सरकारी केंद्रातून निघालेली ही माला बाबूजींच्या, म्हणजे फडके यांच्या, कार्यक्रमांमुळे पुढे कित्येक वर्षे सभागृहे भरवीत राहिली. चिनूला आज हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते, पण दुसऱ्या कडव्यापाशी त्याची गाडी अडते.

येथे बीटल्सचे हस्ताक्षरातले कागद काचेआड ठेवलेले असतात. आजीने रेडिओशेजारी बसून शाईने उतरवलेली गीतरामायणाची वही आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, तिला कसर लागण्यापूर्वी चिनूकडून तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्या. आजीने गाळलेल्या जागा तशाच राहू द्याव्यात. त्या आपण भरू नयेत.

आपली,
मीरा