सलूनमधलं मान मोडणं आता बंद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मान दुखतेय म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो, कुणी म्हणतं उशी काढून टाक, कुणी म्हणतं गळ्यात पट्टा घाल, आणि आमच्या घरातले पुरुष तर सरळ सलून गाठतात. दाढी झाली की डोक्याला तेल, मग हनुवटी धरून मान कटाकन इकडं, कटाकन तिकडं, बघा कसं मोकळं वाटतंय! फुकटात होतंय म्हणून कुणी नको म्हणत नाही. पण मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, जोराच्या हिसक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि माणसाला लकवा मारू शकतो. क्वचित होतं हे मान्य, पण न्हाव्याच्या खुर्चीवर ही रिस्क घ्यायचीच कशाला. आणि तो कट् आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतोच, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो, त्यामुळे तासभर बरं वाटतं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

मी शिलाईकाम करते, लग्नसराईत ब्लाउजचे ढीग पडतात, मान दिवसभर खाली. एक्स-रेत 'गॅप' निघाली म्हणून मी घाबरले होते, तर डॉक्टर म्हणाले चाळिशीनंतर ज्यांची मान अजिबात दुखत नाही त्यांच्याही फोटोत झीज दिसते, फोटोवर उपचार करायचे नसतात. पट्टाही महिनोन्महिने घालू नका, स्नायू अजून ढिले पडतात म्हणाले. त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मॅडमनी मान बघायच्या आधी मी मशीनवर कशी बसते त्याचा व्हिडिओ मागवला, आणि खरा घोळ तिथंच निघाला. ट्यूबलाइट पाठीमागे, माझीच सावली सुईवर, म्हणून मी वाकत होते. आता मशीनला छोटा दिवा लावलाय, टेबलाखाली विटा घातल्यात, आणि टेबल वर गेलं म्हणून मोटरचं पेडल पाटावर ठेवलंय.

व्यायाम म्हणाल तर अगदी साधे. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, गळ्याला वळी पडली पाहिजे (गिऱ्हाइकं हसतात, हसू देत). कपाळाला तळहात लावून डोकं पुढं दाबायचं पण हलू द्यायचं नाही, मग तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. खांदे मागं ओढायचे. अर्ध्या तासानं उठायचं. लगेच फरक पडत नाही, काही आठवडे जातात, आणि लग्नसराईत माझी अजून अधूनमधून भरून येतेच, पण रात्रीची झोप मिळते.

मात्र हाताला मुंग्या येऊन पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल किंवा तापाबरोबर मान ताठ झाली असेल तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टरकडं जा.

सलूनवाल्यांच्या संघटनांनी आपल्या माणसांना मान मोडायची बंदी करावी, चंपी करा की खुशाल. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा, कारण दरवेळी काम बुडवून एसटीनं जिल्ह्याला जाणं बायकांना परवडत नाही. आणि साहेब, राग मानू नका, पण तुमच्या पेपरात पट्ट्यांच्या आणि तेलांच्या जाहिराती येतात तेवढ्या जागेत एखाद्या जाणकाराकडून हे व्यायाम फोटोसकट छापा, मी कापून दुकानात चिकटवीन.

आपली एक वाचक,
कराड