गोळ्यांची पिशवी ट्रकमध्ये नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पालखी सोहळा जवळ आला की तुमच्या अंकात वारीची खास पानं येतात. कुठला रस्ता बंद, टँकर कुठे भरायचे, दर्शनाची रांग कुठून. खाली कोपऱ्यात वारकऱ्यांनी घ्यायच्या काळजीची चौकट असते : पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका. चौकट उपयोगी असते, मी ती कापून दुकानाच्या काचेला चिकटवते. पण फिटच्या, मनाच्या आजाराच्या, कंपवाताच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांसाठी तिच्यात एक ओळही नसते. अशी माणसं वारीला जात नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी मुक्कामाच्या संध्याकाळी माझ्या काउंटरमागे तासभर उभं राहून बघावं.

लोणंदला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी काढलेलं, आता मी बघते. फार्मसिस्ट म्हणून भिंतीवर सर्टिफिकेटही माझंच आहे. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या गावी पडतो. त्या रात्री दुकान बंद करायचा प्रश्नच नसतो. बहुतेकांचं मागणं एकच, पाय दुखतात. मग जुलाब, पित्त, तळपायाचे फोड. ‘मला शुगर आहे, बीपी आहे’ हे लोक चारचौघांत मोठ्यानं सांगतात. पण एखादा माणूस गर्दी पांगेपर्यंत कडेला थांबून राहतो, मग खिशातून स्ट्रिपचा तुकडा काढतो आणि म्हणतो, “ही असेल का हो ताई?”

त्या तुकड्यावर बहुतेक वेळा किंमत असते, एक्स्पायरी असते, आणि औषधाचं नाव मात्र कापून गेलेल्या भागावर राहिलेलं असतं. गोळी पांढरी आणि गोल. पांढऱ्या गोल गोळ्या माझ्याकडे कितीतरी आहेत. अंदाजानं मी देत नाही. चिठ्ठी विचारली की कळतं, चिठ्ठी परभणीला नाहीतर बीडला घरी आहे. बाकीच्या गोळ्या कुठे? तर बॅगेत. आणि बॅग कुठे? दिंडीच्या ट्रकमध्ये.

ज्यांनी वारी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. दिंडीतल्या माणसांचं सामान ट्रकमधून पुढच्या तळावर जातं, माणसं मागून चालत येतात. पहाटे बॅग चढली की ती थेट मुक्कामाला हाती लागणार, आणि ट्रक कुठे गर्दीत अडकला तर त्याहून उशिरा. सकाळची गोळी दुपारी, दुपारची रात्री, असं दोन-तीन दिवस झालं की ज्याला वर्षानुवर्षं फिट आलेली नाही त्यालाही रस्त्यात येऊ शकते. त्यात तळावर रात्री भजन, पहाटे तीनला उठणं. गोळी चुकणं आणि झोप मोडणं ही फिट येण्याची दोन मोठी कारणं आहेत आणि वारीत दोन्ही एकत्र भेटतात. म्हणून या गोळ्या अंगावरच हव्यात, कमरेच्या पिशवीत किंवा गळ्यातल्या पाकिटात, स्ट्रिपसकट. फिटवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या हवेतली ओल शोषतात. स्ट्रिपमधून काढून डबीत भरल्या तर भिजट होऊन खराब होतात. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा आणि आपल्या विणेकऱ्याला किंवा शेजारून चालणाऱ्या कुणा एकाला आपला आजार माहीत असावा.

नदीचंही बोलायला हवं. नीरा असो, चंद्रभागा असो, फिटचा आजार असलेल्यानं एकट्यानं पाण्यात उतरू नये. पाणी गुडघाभर असलं तरी फिटमध्ये तोंड खाली गेलं तर तेवढं पुरतं. काठावर बसून तांब्यानं अंघोळ केली तरी ती अंघोळच आहे. आणि कुणाला फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली उपरणं द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, काही घालू नका. आमच्या लोणंदला कांद्याला तोटा नाही, पण तो नाकाला लावून फिट थांबत नाही; चपलेनंही नाही. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. वारीत औषध फुकट आणि मुबलक मिळतं. सेवेकऱ्यांची टेबलं, संस्थांच्या गाड्या, शिबिरं. त्यांच्या सेवेला मी नमस्कार करते. पण पायदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्रुफेन, जुलाबाला ऑफ्लोक्सॅसिनची गोळी, उलटीला पेरिनॉर्मचं इंजेक्शन हा ठरलेला रिवाज आहे, आणि पुढे उभ्या माणसाला आणखी कुठली गोळी चालू आहे का हे फारसं कुणी विचारत नाही.

लिथियमचं घ्या. टोकाचा आनंद आणि टोकाची उदासी अशा दोन्ही बाजूंना झुकणाऱ्या आजारावर १९४९ पासून वापरात असलेलं हे औषध. स्वस्त, आणि खरोखर गुणाचं. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका कमी करणारं म्हणून डॉक्टर त्याला मान देतात. पण त्याची वाट अरुंद आहे. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या दरम्यान लागतं, दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. दोन्ही आकड्यांत अंतर ते किती! मूत्रपिंड मीठ आणि लिथियम जवळपास एकाच पद्धतीनं हाताळतं. घामावाटे, जुलाबावाटे अंगातलं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड उरलेलं मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. त्यात डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, एसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. म्हणजे दिवसभर उन्हात चालायचं, पाणी कमी प्यायचं, संध्याकाळी पाय दुखतात म्हणून शिबिरातली गोळी घ्यायची, असं दोन-चार दिवस केलं की हात मोठ्यानं थरथरायला लागतात, उलट्या, जुलाब, चाल झोकांड्या खाणारी, बोलणं जड. बघणाऱ्याला वाटतं, दमलाय, नाहीतर प्यायलाय. पायदुखीला अशा माणसानं पॅरासिटामॉल घ्यावी, पाणी आणि मीठ कमी पडू देऊ नये, आणि वर सांगितलेलं काहीही दिसलं तर पुढची लिथियमची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठून रक्त तपासावं. वारीला निघण्याआधी एकदा पातळी तपासून घेतली तर उत्तमच. निर्जळी एकादशी मात्र लिथियमवाल्यांनी करूच नये. गोळीनं उपवास मोडतो का, असं आज्या मला दरवर्षी विचारतात. नाही मोडत.

जुलाबाच्या गोळीचं तसंच. ऑफ्लोक्सॅसिन, सिप्रोफ्लोक्सॅसिन या जातीची औषधं ज्याला मुळात फिटचा आजार आहे त्याला फिट आणू शकतात. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळीही तशीच, आणि उदासीवरच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांशी तिचं जमत नाही. साध्या जुलाबाला ओआरएस पुरतं, पण पुडीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

कंपवाताचे म्हातारेही वारीत असतात, नातवाचा हात धरून लहान पावलं टाकत. त्यांची सिंडोपा ही कंपवातावरची गोळी घड्याळ लावून घ्यायची असते. तासभर उशीर झाला की पाय जमिनीला चिकटतात. अशा माणसाला उलटीवर पेरिनॉर्म किंवा चक्करवर स्टेमेटिल दिली तर आहे ते दुखणं वाढतं, कारण कंपवाताची गोळी मेंदूत जे पुरवते त्यालाच ही औषधं अडवतात. डॉम्पेरिडोन किंवा ऑन्डॅनसेट्रॉन असे दुसरे मार्ग आहेत. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. टेबलावर बसलेल्या उत्साही पोराला नसतं.

आणि ऊन. आषाढ म्हणजे पाऊस हे महाबळेश्वर-पाटणकडे खरं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हा पावसाच्या छायेतला पट्टा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघताना कितीदा तरी डोक्यावर टळटळीत ऊन असतं. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांसारख्या मनाच्या आजारावरच्या औषधांनी अंगाला उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, आणि त्यांच्या जोडीला ताठरपणा, थरथर येऊ नये म्हणून दिलेली पॅसिटेन घाम येऊ देत नाही. या माणसांनी दर थोड्या वेळानं सावलीत बसावं, डोक्यावर ओला पंचा ठेवावा.

याहून अवघड एक गोष्ट आहे. ‘आता माउलींच्या पायाशी आलोय, गोळी कशाला?’ असं म्हणून वारीतच गोळ्या सोडणारे असतात. घरचेही कधीकधी तेच सुचवतात, कारण त्यांना गोळीच नकोशी असते. श्रद्धेला मी काय बोलणार, माझ्या सासूबाई जन्मभर माळकरी होत्या आणि थायरॉइडची गोळी तुळशीला पाणी घालायच्या आधी घ्यायच्या. मी एवढंच सांगते की फिटची गोळी एकदम सोडली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. लिथियम एकदम सोडलं तर आजार उसळतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या काही महिने रोज घेऊन एकदम बंद केल्या तर झोप उडते, अंग कापतं, फिटसुद्धा येऊ शकते. सवय लागते ती या शेवटच्या जातीची. सगळ्याच गोळ्यांची लागते हा समज खोटा आहे. दोन्ही गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि अल्प्राझोलाम तर २०१४ पासून एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहे, दिली की रजिस्टरला नोंद. “माउली, एवढ्या लांबून आलोय” म्हटलं तरी मला चिठ्ठी बघावीच लागते.

लोक गोळ्या सोडतात त्यात सगळा दोष त्यांचा नाही. ओलान्झापिननं वजन आणि साखर वाढते, फिटवरच्या एप्टॉइननं हिरड्या सुजतात, व्हॅल्प्रोएटनं केस गळतात, बऱ्याच गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत. हे खरं आहे आणि डॉक्टरांच्या घाईत ते ऐकून घ्यायचं राहून जातं. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, पण हळूहळू आणि विचारून. औषधाचा त्रास रुग्णाला स्वतःलाही कळवता येतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. हे दोन्ही नंबर तंबूच्या कनातीवर लिहायला काय हरकत आहे?

शिबिरवाल्यांना माझी मागणी छोटी आहे. गोळी हातावर ठेवण्याआधी विचारा, ‘फिटची, झोपेची, मनाची, कंपवाताची काही गोळी चालू आहे का?’ आणि रांगेत ओरडून नको, जवळ बोलावून विचारा. मोठ्यानं विचारलं तर उत्तर नाहीच येणार.

तुमच्याकडे मागणी चौकटीची. आठ ओळींचा मजकूर सोबतच्या कागदावर लिहून दिला आहे. मेंदूविकार आणि मानसोपचार अशा दोन्ही डॉक्टरांकडून तो तपासून घ्या, काही बदल सुचवले तर करा, आणि पालखी आळंदीहून निघायच्या आधी छापा. लोणंदला पोचल्यावर छापून उपयोग नाही, तोवर बॅगा ट्रकात गेलेल्या असतात. जागा कमी पडली तर त्या पानावरची गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात थोडी बारीक करा.

आपली नम्र,
एक औषध विक्रेती, लोणंद (ता. खंडाळा, जि. सातारा)
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)