किनाऱ्यावरच्या विहिरी वाचवा

महोदय,

अलिबाग तालुक्यात मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मोजक्या बंगल्यांची बंदिस्त संकुलं वाढत चालली आहेत. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर मुंबईकरांचं येणं-जाणं सोपं झालं. अशाच एका संकुलात मी राहतो. पुढे सुरूचं बन, त्यापलीकडे समुद्र. इथलं सुख खरंच मोठं आहे. पण घरोघरी बोअर, पोहण्याचा तलाव आणि एप्रिलातही हिरवंगार लॉन, हे सगळं जमिनीखालच्या गोड्या पाण्यावर चाललं आहे.

किनाऱ्यालगत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की गोडं पाणी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत ते टिकतं. उपशामुळे वरची पातळी अर्धा मीटर जरी उतरली, तरी कालांतराने खारं पाणी 20 मीटर वर सरकू शकतं. जमिनीखाली कंपाउंड नसतं. भिंतीपलीकडच्या वाडीतल्या काकूंची विहीर घरच्यांना बारा महिने पुरायची. आता मार्च लागला की त्या पाण्यात डाळ शिजत नाही, पोफळीच्या झावळ्यांची टोकं करपतात आणि पिण्यासाठी जार विकत आणावे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही बाग शिंपली, त्यांनी आमच्या लॉनपायी पाणी विकत घ्यायचं, हा उघड अन्याय आहे.

सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, 1991 आणि 2011 या दोन्ही अधिसूचनांत भरतीरेषेपासून 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, हाताने आणि पिण्यासाठी, बागायत, शेती किंवा मासेमारीसाठीच पाणी काढण्याची मुभा होती. 200 मीटरच्या आत तर 2011 च्या अधिसूचनेने फक्त स्थानिक वस्तीला सवलत दिली. तलाव आणि लॉन त्यात बसत नव्हते.

आपल्याकडे पाऊस कमी नाही. वर्षाला 2000 मिलिमीटर धरला, तर 200 चौरस मीटरच्या छपरावर 4 लाख लिटर पाणी पडतं. आज ते गटारातून थेट समुद्रात जातं. ते गाळून विहिरीत सोडायला फारसा खर्चही नाही, आणि बंगला बांधणाऱ्याला तो नक्कीच परवडतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेने या पट्ट्यातल्या विहिरींची आणि बोअरची क्षारता दर ऑक्टोबर आणि मे महिन्यात तपासावी, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. जिथे क्षार वाढलेले दिसतील, तिथे आसपासच्या संकुलांचे पंप आधी बंद करावेत. आमचाही त्यात आला.

— एक रहिवासी, ता. अलिबाग, जि. रायगड